म्हसोबाची थोरली बहीण

मारकी मावशी देवाला मारायची. हे मी अलंकारिक वगैरे म्हणत नाही. पदर खोचून, हातात लिंबाचा डहाळा घेऊन, भर दुपारी आमच्या सोसायटीच्या कोपऱ्यावरच्या म्हसोबाला ती सपासप फटके द्यायची, आणि प्रत्येक फटक्यासोबत एक शिवी. "मुडदा बशिवला तुझा! डोळं फुटले का? मेंढरं तडफडायलीत, दिसंना व्हय? बसलाय आपला दगडागत!" म्हसोबा दगडच होता, त्यामुळे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. पण ते टिकलं नाही. मारता मारता बाईच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि फटका एकही हलका नव्हता.

आम्ही तेव्हा मुकुंदवाडीला नुकतेच राहायला आलो होतो. आमचं मूळ घर फुलंब्रीचं. आजोबा भिक्षुकी करायचे, वडील तहसीलीत कारकून झाले आणि मी रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये लागले. एवढीच आमच्या घराण्याची प्रगती. देव मात्र पिढ्यान् पिढ्या तोच राहिला, आणि तो कडक साहेबासारखा होता. सोवळं मोडलं, नैवेद्याला उशीर झाला, वात विझली की घरात सगळ्यांचे चेहरे पडायचे. "देव बघतोय" हे वाक्य वडील ज्या आवाजात म्हणायचे, त्याच आवाजात "साहेब फेरीवर आलेत" असंही म्हणायचे. त्यामुळे त्या दुपारी मी काय केलं असेल? खिडकी लावली, देवापुढे दिवा लावला आणि त्या अनोळखी बाईच्या वतीने देवाची क्षमा मागितली.

मारकी हे नाव सोसायटीतल्या लोकांनी ठेवलेलं. खरं नाव गिरजाबाई. जात धनगराची, आणि रेल्वेरुळांच्या पलीकडे जिथे आता आमची सोसायटी आणि बाकीच्या चारमजली इमारती आहेत, तिथे पूर्वी तिच्या बापाची मेंढरं चरायची. शहर वाढत वाढत आलं. आधी प्लॉट पडले, मग पत्र्याची घरं, मग फ्लॅट. कुरण गेलं, विहीर बुजली, शेवटी त्या सगळ्या रानातला एकटा म्हसोबा उरला, तोही आमच्या कंपाउंडच्या कोपऱ्यात अर्धा आत, अर्धा बाहेर. बिल्डरने त्याला हलवायला जेसीबी आणला होता म्हणे. मावशी काठी घेऊन आडवी उभी राहिली आणि ड्रायव्हरच्या केबिनची काच फोडली. पोलीस आले, तेव्हा ती म्हणाली, "तुमच्या भावाला कुनी असं पत्र्याच्या खोऱ्यानं उचलाय लागलं, तर तुमी काय टाळ्या वाजवताल का?"

भाऊ हा शब्द तिने उगाच वापरला नव्हता. मावशीला सख्खा भाऊ नव्हता. लग्नात कानपिळीची वेळ आली. नवऱ्या मुलाचा कान पिळून, माझ्या बहिणीला नीट नांदव, असं बजावायला नवरीचा भाऊ लागतो. मंडपात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं चुलत भावाला बोलवा, कुणी म्हणालं राहू द्या. तिच्या बापाला कुजबुज सहन होत नसे. त्याने नवऱ्या मुलाला मानगुटीला धरलं, बाशिंगासकट रानात नेलं आणि त्याचा कान म्हसोबाच्या दगडावर घासला. "ह्यो तिचा भाऊ. ध्यानात ठिव." कान सोलवटला, त्यातून रक्त आलं. मावशी हे सांगताना अजून हसायची.

नवऱ्याने ते ध्यानात ठेवलं नाही. दारू पिऊन मारायला लागला. एका संध्याकाळी तिचं कपाळ फुटलं, तेव्हा तिने त्याची शेंडी धरली आणि फरफटत त्याला म्हसोबापुढे आणलं. "आता मार. मेव्हण्याम्होरं मार." त्याचा हात उठला नाही. मग तिनेच त्याचं डोकं दगडावर आपटलं. दोघांच्याही रक्ताचे ओघळ त्या शेंदरावर पडले. त्यानंतर नवऱ्याने मरेपर्यंत तिच्यावर हात उगारला नाही. मी विचारलं, "म्हसोबाने धडा शिकवला म्हणायचा?" तर ती माझ्यावरच खेकसली. "त्यानं काय केलं? म्या आपटलं की! पर भाऊ म्हागं हाय म्हणल्यावर हातात बळ येतं, जोशीणबाई." आमच्या आजोबांच्या भिक्षुकीमुळे तिने माझं नाव जोशीणबाई ठेवलं होतं. मी लॅबमधली नोकरदार बाई आहे, हे तिने कधीच मनावर घेतलं नाही.

तिच्या घरी, म्हणजे पत्र्याच्या खोलीत, एका टोपलीत बाकीचे देव होते, आणि तिचं प्रत्येकाशी वेगळं वागणं होतं. खंडोबा थोरला दीर. त्याच्या टाकापुढे डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही आणि आवाज चढवायचा नाही. सटवाई सुईण, तिची आठवण फक्त बाळंतपणात. बुजलेल्या विहिरीतल्या आसरा या नणंदा. त्यांना वर्षातून एकदा खण द्यायचा आणि लांब राहायचं. भवानी आई; तिच्याकडे तक्रार न्यायची, पण रोज नाही, कारण "लेकीनं सारखं रडत गेलं की आईबी वैतागती." आणि म्हसोबा धाकटा. भाऊबीजेला ती त्याला तेल लावून अंघोळ घालायची, ओवाळायची आणि हात पुढे करून ओवाळणी मागायची. पाऊस चांगला झाला असेल तर म्हणायची, "दिलीस बाबा, पोचली." नसेल झाला तर ताटातला दिवा तसाच घेऊन फणकाऱ्याने निघून जायची.

मी हळूहळू तिच्याजवळ बसायला लागले. लॅबमधून परतताना तिच्या शेळीचं दूध घ्यायचं निमित्त असायचं. एकदा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फोटो आला. कुठल्याशा देवीच्या डोळ्यांतून रक्त येतंय, हा संदेश अकरा जणांना पाठवा, नाही पाठवला तर घरात अघटित घडेल. मी शिकलेली बाई, दिवसभर रक्ताच्या काचपट्ट्या बघणारी. पण बोट आपोआप अकरा नावं शोधायला लागलं. मावशीने फोन हातात घेऊन फोटो लांब धरून बघितला. "रडायली व्हय ही?"

"हो ना."

"मग डोळं पूस की तिचं. मला काय दावतीस?" मग मी खालचा मजकूर वाचून दाखवला. ती उसळली. "अकराच कामून? बाराव्यानं काय घोडं मारलं? आन ह्ये केलं नाय तर घर बुडवीन म्हणणारं देव असतंय का? गुंड म्हणायचं त्येला. देवाला मपल्याकडून काय पायजे असंल, तर मला सांगंल. तुझ्या फोनातून कामून सांगंल?" मी तो संदेश पुसला. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, हे कबूल करते. पण सकाळी घरातलं कुणी मेलेलं नव्हतं.

मग ते दुष्काळाचं वर्ष आलं. आमच्या इमारतीत टँकर यायचा आणि निळ्या ड्रमांपाशी रोज भांडणं व्हायची. एका बाईने दुसरीच्या डोक्यात घागर घातली, टाके पडले. सोयगावकडे मावशीच्या लेकीचं सासर होतं. तिकडून रोज मेलेल्या जनावरांच्या बातम्या येत. मावशीची स्वतःची मेंढरं एकेक करून चालली. त्या काळात तिने म्हसोबाची अंघोळ बंद केली. "मला नाय तर तुलाबी नाय." रोज दुपारी येऊन ती त्याला झोडपायची. डहाळ्याची पानं गळून नुसती काडी हातात राहायची. मग धापा टाकत त्याच्याशेजारी बसायची, फडक्यातली भाकरी सोडायची, मोडून अर्धी त्याच्यापुढे ठेवायची आणि म्हणायची, "खा आता. उपाशी मारायचं नाय कुनाला." मार झाला की भाकरी, हा नेम तिने कधी चुकवला नाही.

कुणीतरी वरच्या गॅलरीतून तिचं मारणं फोनवर टिपलं. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही, आणि ज्याने टिपलं त्याच्या मनात वाईट असेलच असंही नाही. पण विडिओ फटक्यांपाशी संपत होता. त्यात भाकरी नव्हती. पहिल्यांदा तो माझ्या फोनवर आला, तेव्हा खाली लिहिलं होतं, "देवाची विटंबना करणारी ही बाई ओळखा." दुसऱ्यांदा आला, तेव्हा मावशीचं नाव बदललेलं होतं, गाव बदललेलं होतं, धर्मसुद्धा बदललेला होता, आणि तिला या कामासाठी कुणीतरी पाठवलंय असं सांगितलं होतं. नंतर आला तो सगळ्यात वाईट. हिनेच देवाला मारून पाऊस बांधून ठेवलाय, म्हणून यंदा ढग येऊन परत जातात. मी उत्तरं लिहिली. ही आमच्या शेजारची गिरजाबाई आहे, म्हसोबा तिचा भाऊ आहे, असं जितक्या ग्रुपांवर लिहिता आलं तितक्या ठिकाणी लिहिलं. एकाने हसण्याचं चिन्ह टाकलं. बाकीच्यांनी विडिओ पुढे पाठवला.

मावशीला मी सांगायला गेले. म्हटलं, काही दिवस लेकीकडे जा, लोक भडकलेत. तिने ऐकून घेतलं आणि डहाळा तोडायला उठली. "भावाभैनीच्या भांडनात गावानं कामून पडावं?"

ते रविवारी दुपारी आले. मोटारसायकली रस्त्यात आडव्या टाकल्या आणि पंचवीस-तीस पोरं म्हसोबाभोवती गोळा झाली. त्यांतला एकही आमच्या भागातला नव्हता. ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं. "यहीच है वो!" एकजण ओरडला. दुसऱ्याने मावशीच्या हातातला डहाळा हिसकावला. "ए म्हातारे, नाक घास! देवाची माफी माग! ए, विडिओ काढ रे, विडिओ काढ!"

मी जिन्यावरून धावत खाली गेले. मावशी म्हसोबाकडे पाठ करून उभी होती. "माफी कुनाची मागू? भाऊ हाय मपला. आमचं आमी बघून घिऊ. तुमी कोन?" हे तिने अगदी सरळपणाने विचारलं. मग एकाने तिच्या कानाखाली मारली. मी मध्ये पडले. मला कुणी ढकललं ते दिसलंच नाही, चष्मा पायाखाली गेला आणि काचांचा आवाज तेवढा ऐकू आला. तिच्याच डहाळ्याने ते तिला मारत होते. मग पट्टे निघाले. एकाच्या हातात सळई होती. मावशी शिव्या देत होती, चावत होती. एकाच्या मनगटाचा तिने असा लचका तोडला की तो किंचाळत मागे सरला. वर सगळ्या गॅलऱ्यांमध्ये माणसं उभी होती आणि त्यांच्या हातांत फोन होते.

बाजूच्या बांधकामाच्या ढिगातली वीट कुणीतरी उचलली आणि फेकली. मावशी वाकली. वीट म्हसोबाला लागली.

खाडकन आवाज झाला आणि त्याचं शेंदराचं कवच फुटलं. वर्षानुवर्षं तेल-शेंदराचे थर चढून तो चांगला गुडघाभर झाला होता. त्यातली अर्धी बाजू कोसळून खाली पडली. मावशीने ते बघितलं आणि तिच्या शिव्या एकदम थांबल्या. ती त्याच्यावर पडली, दोन्ही हातांनी त्याला पोटाशी घेतलं, आणि नंतरचे सगळे फटके तिच्या पाठीवर आणि उजव्या खांद्यावर बसले. सळईने हाड मोडल्याचं मी ऐकलं. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी घाबरून ओरडलं, "अरे, देवाला लागलं! देव फुटला!"

त्या एका वाक्याने ते पळाले. म्हातारीचं हाड मोडलं म्हणून नाही. देवाला लागलं म्हणून. मोटारसायकली उचलताना एकमेकांवर आदळले, एकाची चप्पल तिथेच राहिली.

मी रांगत तिच्यापाशी गेले. तिच्या तोंडातून रक्त येत होतं आणि ती त्या दगडाला विचारत होती, "लागलं का रं राजा? कुठं लागलं?" इतक्या वर्षांत तिला त्याच्याशी मऊ बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं. कवचाच्या आत मूळचा दगड दिसत होता. काळा, गुळगुळीत, तान्ह्या पोराच्या डोक्याएवढा. मावशीने त्याच्यावरून हात फिरवला. "येवढासाच हाय गं ह्यो अजून," ती म्हणाली आणि रडायला लागली.

सरकारी दवाखान्यात तिचा हात प्लास्टरमध्ये घातला. पोलिसांनी काही पोरं धरली, काही सुटली. पुढे त्यांतले काहीजण गुपचूप आले. नारळ, अगरबत्ती, शेंदराचा पुडा घेऊन. एकाच्या घरी आई आजारी पडली होती, दुसऱ्याला अपघात झाला होता. म्हसोबा कोपला असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. त्यांनी त्याच्यापुढे नाकं घासली. शेजारी मोडका हात गळ्यात अडकवून बसलेल्या बाईकडे कुणी पाहिलंसुद्धा नाही. मावशीने सगळं होऊ दिलं. मग डाव्या हाताने सगळ्यात पुढच्याच्या अशी थोबाडीत दिली की त्याच्या हातातला नारळ गडगडत गटारापाशी गेला.

"जा आता," ती म्हणाली. "त्यो काय करनार नाय तुला. आईला दवाखान्यात ने, हितं काय करायलास? म्या मारलं, फिटलं. देवाला भिऊन येऊ नका रं पुन्यांदा. यायचं तर भाकर घिऊन या." तो पोरगा गाल धरून उभा राहिला आणि मग रडायलाच लागला. पुढच्या महिन्यात तो खरंच भाकरी घेऊन आला, असं सांगितलं तर गोष्ट गोड होईल. पण तो कधीच आला नाही.

पुढल्या वर्षीही पावसाने ओढ दिली. मावशीचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. एका दुपारी तिने मला खाली बोलावलं आणि डहाळा माझ्या हातात दिला. "मपला हात उठंना. तू मार."

आजोबा, वडील, सोवळं, विझलेल्या वाती, सगळे समोर येऊन उभे राहिले. म्हटलं, "मावशी, मला नाही जमायचं." तिने डहाळा परत घेतला नाही. शेवटी मी डोळे मिटले आणि डहाळा कसाबसा दगडाला टेकवला.

"ह्ये काय?" ती चिडली. "परक्याला हात लावल्यागत करायलीस. त्यो तुझा कोन हाय ते आधी ठरीव, मग मार." मी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच झालं. तिने डहाळा काढून घेतला, भाकरी मोडली आणि त्या दिवशी तिचे दोनऐवजी तीन वाटे केले.

त्यानंतर लेक येऊन तिला सोयगावला घेऊन गेली. जाताना ती म्हसोबाशी बोललीही नाही. रुसून गेल्यासारखी गेली. मला वाटलं, दिवाळीला येईल.

दिवाळीच्या आधीच एका सकाळी लेकीचा फोन आला. "आई गेली." मी चुलीवरची, म्हणजे गॅसवरची, दुधाची पातेली तशीच ठेवून खाली गेले. भावाला कुणीतरी सांगायला हवं होतं. तो नव्या शेंदरात बसला होता, कुणीतरी वाहिलेलं फूल डोक्यावर घेऊन, निवांत. मला काय झालं ते ठाऊक नाही. मी लिंबाची फांदी ओढून मोडली आणि त्याला मारलं. "बसलास काय मेल्या! बहीण गेली तुझी! तुझ्यापायी हाड मोडून घेतलं तिनं, आणि तू इथे फूल घालून बसलास?" मी ओरडत होते, रडत होते, दम लागेपर्यंत मारत होते. गॅलऱ्यांमध्ये माणसं आली होती. येऊ देत, म्हटलं. काढा काय काढायचे ते विडिओ.

मग शांत झाले आणि लख्ख आठवलं. बाई गेली की तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडतं, भावाने आणलेलं. मावशीचे आईबाप कधीचेच गेले होते. मी दुकान उघडायला लावून एक सुती लुगडं घेतलं, परत आले आणि त्याची घडी म्हसोबाच्या कपाळाला टेकवली. ओल्या शेंदराचा डाग काठाला लागला. तो मी पुसला नाही.

सोयगावला पोचले, तेव्हा बायका तिला अंघोळ घालून खोळंबल्या होत्या. एक म्हातारी दाराशीच ओरडत होती, "लुगडं आनायला माहेरचं कुनी हाय का नाय हिला?" मी पिशवीतून घडी काढून पुढे केली. लेकीने ती घेतली, काठावरचा डाग बघितला, त्याच्यावर अंगठा ठेवला.

"हाय ना," ती त्या म्हातारीला म्हणाली. "मामानं धाडलंय."